दोनशे दहा किलो

पाय टेकत नाहीत.
हे आधीच लिहून ठेवते,
कारण पुढे मी कौतुक करणार आहे.

फक्त चवडे टेकतात, तेही एका वेळी एकच.
जन्मभर अंथरूण पाहून पाय पसरले,
आता पसरते आहे तर
खाली जमीनच लागत नाही.

न्ताते राकोमा म्हणाले, बुटाला जाड तळवा लावून घे.
म्हणाले, पहिले हजार किलोमीटर
काटा चार हजारांवर नेऊ नकोस,
नव्या सुनेसारखी जप.
मी म्हटलं, न्ताते,
नव्या सुनेला या डोंगरात कोण जपतं?
ते पाना पुसत राहिले.

जुनी गाडी नऊ वर्षं
पत्र्याच्या डब्यात मका फुटावा तशी बोलायची.
घाट यायच्या आधीच धापा टाकायची,
आणि मी तिच्या टाकीवर थोपटायचे, चल, चल बाई.
ही पोटातून बोलते. कमी बोलते.
तिसऱ्या गिअरमध्ये चढ लागला
आणि मी सवयीनं थोपटायला हात उचलला
तोवर चढ संपला होता.

मागे निळ्या पेटीत अठरा बाटल्या.
मे मालेश्वानेनं स्वतः बांधलेल्या,
थुंकीचे नमुने, प्रत्येकावर नाव, गाव.
मोखोत्लोंगची प्रयोगशाळा चारला बंद होते.

मातीच्या रस्त्यावर आडव्या लाटा उठलेल्या असतात,
जुन्या गाडीवर मी त्या दातांनी मोजायचे.
हिच्यावर चाळीसला हाडं खिळखिळी,
आणि पासष्टला
अचानक काहीच नाही.
लाटांच्या माथ्यांवरून चाकं
नुसती हात लावत गेल्यासारखी.
मी मोठ्यानं हसले. हेल्मेटमध्ये आपलंच हसू
फार जवळून ऐकू येतं.

मग वळणावर मागचं चाक सुटलं.
थोडंसंच. पण खाली सेन्कू नदी, दोरीएवढी.
मी दरीकडे पाहिलं, आणि गाडीनंही पाहिलं.
वडिलांचा घोडा असता तर
त्यानं माझ्याकडे लक्षच दिलं नसतं,
त्याला दरी कळायची.
हिला फक्त माझी नजर कळते.
मान वळवून मी रस्त्याच्या शेवटाकडे पाहिलं,
ओढून ताणून, मानेत कळ येईपर्यंत,
तेव्हा ती आली.

तक्रारी: उजव्या पोटरीला इंजिनाची धग.
समोरची काच वारा अडवते
आणि नेमका कपाळावर फेकते.
हॉर्न करडाचा.
पडद्यावर तीन अंश, आणि शेजारी
बर्फाचं चित्र लुकलुकतं.
पंचेचाळीस वर्षं इथेच काढली मी,
बर्फ आता हिनं सांगायचा.

दुकानापाशी थांबले, पाणी प्यायला.
डावा पाय जमीन शोधायला गेला
आणि जमीन वीतभर खाली होती.
धावताना नाही पडली. उभी असताना पडली.
सावकाश, म्हातारं माणूस खाटेवर टेकतं तशी,
आणि मी धरून होते, उगीचच,
दोनशे दहा किलोंना बोटांनी.

ब्लँकेट पांघरलेली दोन गुराखी पोरं धावत आली.
खोथात्सोनं काठी खाली ठेवली,
आधी पेटी उघडायला मला मदत केली, मग गाडीला हात लावला.
सोळा, सतरा, अठरा.
एकही फुटली नव्हती.
गाडी उभी झाल्यावर त्यानं विचारलं,
किती पळते?
धाकटा म्हणाला, आणि किती पडते?
दुकानाच्या दारातले सगळे हसले,
त्यात मीही होते.

टाकीच्या बाजूला एक ओरखडा, करंगळीएवढा.
अंगठ्याला थुंकी लावून घासला.
गेला नाही.
सकाळपासून मी हिच्यावर
दुसऱ्याची वस्तू आणल्यासारखी बसले होते.

चारला सात मिनिटं असताना पेटी खिडकीत दिली.
आता स्टँडखाली चपटा दगड सरकवलाय,
इंजिन गार होताना टिकटिकतंय.
उद्या रिकाम्या बाटल्या घेऊन परत.
पाणी त्याच दुकानात पिईन,
पण थांबेन वरच्या अंगाला,
जिथे जमीन
पायापर्यंत येते.